कोंबूरचा अंधार

ब्रिटनीतल्या कोंबूरच्या गढीत १७८५ च्या सुमारास हिवाळ्यातल्या रात्री एकाच रीतीने जात. जेवण आटोपले की नोकर ताटे उचलत आणि त्या अवाढव्य दिवाणखान्यात एकच मेणबत्ती उरे. मग वडील येरझारा घालू लागत. अंगात जाड लोकरीचा पांढरा झगा, डोक्यावर उंच पांढरी टोपी. चालत चालत ते उजेडाच्या बाहेर जात आणि नुसती पावले ऐकू येत. थोड्या वेळाने अंधारातून पांढरे काहीतरी सावकाश पुढे सरकत येई. शेकोटीपाशी बसलेली दोन भावंडे, सोळा-सतरा वर्षांचा फ्रांस्वा-रने आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठी ल्यूसील, वडील लांब गेले की कुजबुजत आणि ते जवळ आले की गप्प होत. काय चालले होते, असे ते जाता जाता विचारीत. कोणी उत्तर देत नसे. आई जुन्या कोचावर पडून उसासे टाकी. दहाचा ठोका पडला की वडील थांबत, घड्याळाला किल्ली देत, मेणबत्ती उचलत. मुलांनी पुढे होऊन त्यांच्या थंडगार गालावर ओठ टेकवायचे आणि त्यांनी आपल्या बुरुजाकडे निघून जायचे, हा रोजचा नेम. तिकडचे दार लागल्याचा आवाज आला की मायलेकरांना एकदम वाचा फुटे.

फ्रांस्वा-रने द शातोब्रियाँ याच्या आयुष्यात पुढे सोळाव्या लुईपासून नेपोलियनपर्यंत सगळे आले. तो परराष्ट्रमंत्री झाला, राजदूत म्हणून रोम-लंडनला राहिला, फ्रेंच गद्याला त्याने वेगळेच वळण दिले. तरी त्याची ओळख करून द्यायची तर मला याच खोलीपासून सुरुवात करावीशी वाटते. फ्रान्सच्या वाङ्मयेतिहासात त्याच्या नावापुढे ‘राजनिष्ठ’ हे विशेषण इतके घट्ट चिकटलेले आहे की वाचक दरबारी थाटात वाढलेला, राजघराण्याच्या सावलीत पोसलेला कुणी सरदारपुत्र डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात सोळावा लुई आणि त्याचा उभ्या जन्मातला समोरासमोरचा संबंध दोन प्रसंगांत संपला आणि दोन्ही वेळा त्याला तिथून पळून जावेसे वाटले. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. या तरुणाने राजाचे मीठ जवळजवळ खाल्लेलेच नव्हते. त्याची निष्ठा आली कुठून, हा प्रश्न मनात धरून पुढची पाने वाचावीत.

एक खबरदारी मात्र आधीच घ्यायला हवी. या कुमारपणाचा मुख्य साक्षीदार स्वतः शातोब्रियाँच आहे आणि तो साधा साक्षीदार नाही. ‘मेम्वार द’उत्र-तोंब’, म्हणजे थडग्यापलीकडून सांगितलेल्या आठवणी, हे त्याचे आत्मचरित्र चाळिशीनंतर सुरू झाले आणि पुढची तीसेक वर्षे तो ते लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत राहिला. ते छापले गेले १८४८ साली त्याच्या मृत्यूनंतर. पैशाच्या अडचणीपायी १८३६ मध्ये त्याने त्याचे हक्क आगाऊ विकले होते; आपले थडगेच गहाण टाकावे लागले, असा त्याचा सल होता. अशा माणसाने सांगितलेले बालपण म्हणजे कागदपत्र नव्हे, रचना. ४ सप्टेंबर १७६८ रोजी सँ-मालोच्या तटबंदीतल्या एका अरुंद गल्लीत आपण जन्मलो तेव्हा शरदसंपाताच्या वादळाने लाटा इतक्या गर्जत होत्या की आपले पहिले रडणे ऐकूच आले नाही, असे तो सांगतो. संपात होता आणखी अडीच आठवड्यांनी. वादळ असेलही, पण त्याला पंचांगातली ती जागा म्हाताऱ्या लेखकाने दिली.

याहून पेचाची गोष्ट वॉशिंग्टनच्या भेटीची. १७९१ मध्ये फिलाडेल्फियात आपण जॉर्ज वॉशिंग्टनला भेटलो, त्याच्या घरी जेवलो, असे तो रंगवून लिहितो. ज्याने शिफारसपत्र दिले होते त्या मार्की द ला रुएरीला वॉशिंग्टनने कळवले ते असे की, पाहुणा आला त्या दिवशी मी आजारी असल्याने त्याची भेट होऊ शकली नाही. अभ्यासक यावर अजून वाद घालतात. मला या लटिकेपणाचा फारसा राग येत नाही, कारण तो जिथे खोटे बोलतो तिथे स्वतःला मोठ्या माणसांशेजारी उभे करण्यासाठी बोलतो. कोंबूरच्या अंधाराबद्दल बोलताना त्याला तशी गरजच पडत नाही. १८१७ मध्ये मोंब्वासिए इथल्या बागेत फिरताना कस्तूर पक्ष्याची शीळ कानी पडली आणि क्षणात सगळे कोंबूर समोर उभे राहिले, असे त्याने नोंदवले आहे. शंभरेक वर्षांनी मार्सेल प्रूस्तने आपल्या कादंबरीत या कस्तुराचे ऋण मान्य केले. अशी आठवण सहसा बनवता येत नाही.

आता त्या येरझारा घालणाऱ्या माणसाविषयी. रने-ओग्युस्त द शातोब्रियाँ हा जुन्या पण पार निर्धन झालेल्या घराण्यातला. ब्रिटनीच्या रिवाजाप्रमाणे सरदार घराण्यात थोरल्याला दोन-तृतीयांश मिळकत जायची आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात बाकीच्या भावंडांनी भागवायचे. दोनचार पिढ्यांत धाकट्या पात्या नांगर धरायच्या अवस्थेला पोचत. रने-ओग्युस्त पंधराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून समुद्रावर गेला. युद्धकाळात त्याने शत्रूची व्यापारी गलबते लुटण्याचा परवानाधारक धंदा केला. शांततेच्या काळात माल वाहिला, आणि त्या मालात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कॅरिबियन बेटांकडे नेलेली माणसेही होती. त्या पैशातून १७६१ मध्ये कोंबूरची गढी विकत घेतली गेली. म्हणजे आपल्या नायकाच्या डोक्यावरचे ते मध्ययुगीन छप्पर वंशपरंपरेने आलेले नव्हते. ते गुलामांच्या व्यापारातूनही आले. मुलगा वडिलांच्या स्वभावाबद्दल पानेच्या पाने लिहितो, त्यांच्या तिजोरीबद्दल मात्र फार थोडे. पुढे १८१६ मध्ये वरिष्ठ सभागृहात त्याने उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती गुलामांची कड घेऊन भाषण केले. त्या भाषणामागे वडिलांची गलबते कुठे डोकावत होती का, याचा थांग त्याच्या लिखाणातून लागत नाही, आणि हे मौन मला त्याच्या कुठल्याही अतिशयोक्तीहून जास्त खुपते.

वडिलांना एकच ध्यास होता, घराण्याचे नाव पुन्हा उभे करायचे. प्रेम त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. मान बसत होता. दहा अपत्यांतला फ्रांस्वा शेवटचा. जगलेल्या सहांत एक थोरला भाऊ आणि चार बहिणी. थोरला ज्याँ-बातीस्त वारस. धाकटा फार तर आरमारात जाईल, नाहीतर पाद्री होईल. जन्मल्याबरोबर त्याला प्लांकोएत या गावी दाईकडे धाडले. मूल जगेना म्हणून दाईने तिथल्या मेरीमातेला नवस केला, की सातव्या वर्षापर्यंत याला फक्त निळेपांढरे कपडे घालू. सँ-मालोत परत आल्यावर मोठी मंडळी थोरल्यात गुंतलेली. धाकटा नोकराणीच्या आणि समुद्राच्या हवाली. निळेपांढरे कपडे लवकरच चिंध्या होत, कारण सोबत होती जेस्रीलची.

हा जेस्रील शेजारच्या घरातला, थोडा मोठा आणि पराकोटीचा द्वाड. भरतीच्या वेळी गावातली मुले किनाऱ्यावर ओळीने बसत, खाली लाटा आदळत असत. एकदा लाट येताना जेस्रील ओरडला, ढकल! फ्रांस्वाने शेजाऱ्याला ढकलले, त्याने पुढच्याला, आणि अख्खी ओळ पत्त्यांसारखी कोसळली. टोकाला बसलेली एक लहान मुलगी तेवढी पाण्यात पडली. दाईने तिला ओढून काढले आणि मुलीने नाव घेतले ते फ्रांस्वाचे. दाया त्याच्या मागे लागल्या, तो घरात दडला, आणि जेस्रीलने आपल्या घरातून दायांवर पाण्याचा मारा करून मित्राची सुटका केली. जेस्रील पुढे पुन्हा भेटेल. त्याला विसरू नये.

शाळा दोलला. तिथली एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढच्या सगळ्याची गुरुकिल्ली आहे. मनाई असताना हा पोरगा झाडावर चढून मॅगपाय पक्ष्याच्या घरट्यातली अंडी काढायला गेला आणि सापडला. आबे एगो या शिक्षकाने चाबकाची शिक्षा फर्मावली. इतर कुठलीही शिक्षा चालेल, अंगाला हात लावून घेणार नाही, अशी मुलाने विनवणी केली. शिक्षक ऐकेनात. तेव्हा तो पलंगाआड शिरून लाथा झाडू लागला, वर लॅटिन वचनेही फेकू लागला. त्या पोरकट पांडित्याने आबेंना हसू फुटले, तह झाला, चाबूक टळला. दुखण्याची भीती त्याला नव्हती, लाजेची होती. बाण्याचे बीज वडिलांनी रुजवले. ते बाणेदार पोर पहिल्यांदा लढले ते वरिष्ठाविरुद्धच.

मग रेनची शाळा, मग आरमारात भरती होण्यासाठी ब्रेस्त बंदर. तिथे नेमणुकीचा कागद येईचना. एके दिवशी मोहिमेवरून परतणारा जहाजांचा ताफा त्याने पाहिला, आणि कोणाला न विचारता घरी निघून आला. पाद्री व्हायचे म्हटले. तेही मनातून उतरले. आणि मग ती दोन वर्षे आली, ज्यांचे चित्र या प्रस्तावनेच्या सुरुवातीला आहे.

त्या दोन वर्षांत फारसे काही घडले नाही, आणि तिथेच लेखक घडला. गढीत माणसे मोजकी. प्रत्येकाचा बुरूज वेगळा. फ्रांस्वाला झोपायला दिलेली कोठडी एका मनोऱ्याच्या माथ्याशी, जिन्याच्या पार टोकाला. कोंबूरचा एक जुना लाकडी पायाचा सरदार मेल्यानंतरही जिन्यातून फिरतो, कधी नुसता त्याचा लाकडी पाय एका काळ्या मांजरासह फिरतो, अशी नोकरांत वदंता. पोराला भीती वाटत असेल का, असे वडील उपहासाने विचारत. आई म्हणे, देवाच्या मर्जीवाचून काही होत नाही. या कोठडीत वाऱ्याच्या आवाजात रात्री काढताना त्याने मनातल्या मनात एक स्त्री रचली. कुणाचे केस, कुणाचे डोळे, चित्रातल्या मेरीची चर्या, कथेतल्या राण्यांचा डौल. वाऱ्यावर राहणाऱ्या परीचे नाव, सिल्फीद, त्याने तिला दिले आणि तिच्यासोबत तो रानोमाळ भटकू लागला. प्रत्यक्षातली सोबत ल्यूसीलची. ती हळवी, भास होणारी, पराकोटीची एकाकी. एकदा फिरताना भाऊ एकांताबद्दल तन्मय होऊन बोलत होता, तेव्हा तिनेच म्हटले की हे सगळे तू लिहून काढायला हवेस. फ्रेंच रोमँटिक वाङ्मयाचा उगम शोधायचा तर मी बोट या वाक्याकडे दाखवीन, आणि ते बोलणारी मुलगी पुढे विस्मृतीत, दारिद्र्यात १८०४ मध्ये वारली हेही विसरणार नाही.

याच काळात एकदा त्याने जुनी बंदूक घेतली, तीन गोळ्या भरल्या, नळी तोंडात धरून दस्ता जमिनीवर आपटला. बार उडाला नाही. पुन्हा आपटला, नाही उडाला. इतक्यात रानातला राखणदार दिसला आणि मरण पुढे ढकलले गेले. प्रसंग खरा की सजवलेला, कोण सांगणार? त्याचे दुखणे मात्र खरे होते. एका निर्जन घरात ज्याला काहीच काम दिलेले नाही अशा धाकट्या मुलाचे ते दुखणे.

इथे मराठी वाचकाने जरा थबकावे. या मुलाचे करायचे काय, असा खल सुरू असताना त्याने दोन पर्याय सांगितले. एक, कॅनडात जाऊन जंगल तोडायचे; दुसरा, हिंदुस्थानात जाऊन तिथल्या राजेरजवाड्यांच्या फौजेत चाकरी धरायची. वडिलांना दुसरा पटला, आणि तो पाँडिचेरीच्या गलबताची वाट पाहत सँ-मालोत जाऊन बसलासुद्धा. त्याच सुमारास, १७८४ मध्ये, फ्रेंच बोलणारा बन्वा द ब्वान्य हा सावोयचा सैनिक महादजी शिंद्यांच्या पदरी राहून त्यांच्या कवायती पलटणी उभारू लागला होता. शातोब्रियाँ त्या गलबतावर चढला असता तर कदाचित पाटीलबावांच्या छावणीत एक अत्यंत उदास लेफ्टनंट दाखल झाला असता! तसे झाले नाही; थोरल्या भावाने त्याला फ्रान्समधल्याच नव्हार रेजिमेंटमध्ये जागा मिळवून दिली. नियती मात्र चेष्टेखोर. द ब्वान्य दौलत घेऊन युरोपात परतला, १७९८ मध्ये लंडनमध्ये त्याने आदेल द’ओस्मों या निर्वासित फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले, आणि त्या बाईने पुढे लिहिलेल्या आठवणींत शातोब्रियाँच्या आत्मप्रौढीची यथेच्छ सालटी काढली आहेत.

१७८६ च्या सप्टेंबरात वडील गेले. पुढल्या फेब्रुवारीत भावाच्या हट्टाखातर तो व्हर्सायला राजासमोर उभा राहिला. राजासोबत शिकार करण्याचा मान मिळवायचा तर इसवी सन १४०० पर्यंतचे कुळ सिद्ध करावे लागे, ते झाले. पहिल्या दिवशी लाजाळू लुईला काय बोलावे सुचले नाही, तो तसाच पुढे गेला. शिकारीच्या दिवशी मिळालेली घोडी बेफाम उधळली आणि हा नवखा लेफ्टनंट राजाच्या आधी हरणापाशी जाऊन पोचला. रिवाजाचा याहून मोठा भंग नव्हता. राजा आला, खदखदून हसला आणि हरिण फार वेळ टिकले नाही एवढेच म्हणाला. झाले. राजनिष्ठेच्या महाकवीला राजाच्या मुखातून लाभलेले सगळे शब्द ते एवढे. राणीचेही तसेच. १७८९ च्या उन्हाळ्यात मारी आंत्वानेत त्याच्याकडे पाहून एकदा हसली; १८१५ मध्ये तिचे अवशेष उकरून काढले तेव्हा जबड्याच्या ठेवणीवरून आपल्याला ते हसू ओळखता आले, असे तो लिहितो. इतके भयंकर वाक्य दरबारी भाट कधी लिहिणार नाही.

क्रांतीला तो सुरुवातीला विरोधी नव्हता. पॅरिसमध्ये शांफोर, पार्नी अशा नास्तिक, चावऱ्या साहित्यिकांच्या बैठकीत तो वावरत होता, रूसो त्याला पाठ होता. १७८९ च्या जुलैत मात्र तो बहिणींसोबत खिडकीत उभा असताना खालून भाल्यांवर खोचलेली दोन मुंडकी मिरवत आली, फूलों आणि बेर्तिए या राजाच्या अधिकाऱ्यांची. तो जमावावर ओरडला. लोक दार फोडायला धावले. विचारांनी जे केले नसते ते त्या दृश्याने केले. पण त्याने तलवार उपसली नाही, देश सोडला. भावाच्या सासरकडचे वडीलधारे मालझेर्ब यांच्यासोबत नकाशे पसरून अमेरिकेच्या प्रवासाचे बेत आखले आणि एप्रिल १७९१ मध्ये सँ-मालोहून गलबत धरले.

मालझेर्बांवर इथे थोडे थांबतो, कारण कोंबूरनंतर या तरुणाचे दुसरे विद्यापीठ तेच. ग्रंथनियंत्रक असताना त्यांनी विश्वकोशकारांना पाठीशी घातले होते, राजाला तोंडावर कडू बोल ऐकवले होते. पण १७९२ च्या अखेरीस त्याच राजावर खटला भरला गेला तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने आपण होऊन त्याचे वकीलपत्र घेतले. एप्रिल १७९४ मध्ये त्यांना मुलगी, नात आणि नातजावई यांच्यासह गिलोटिनवर चढवले. तो नातजावई म्हणजे थोरला ज्याँ-बातीस्त, कोंबूरचा वारस.

अमेरिकेत जंगलाच्या कडेला एका गिरणीवाल्याच्या घरी रात्री शेकोटीजवळ पडलेले इंग्रजी वर्तमानपत्र चाळताना राजा पळाला आणि पकडला गेला ही बातमी त्याने वाचली आणि तो परत फिरला. बोलावणे नव्हते, ओढ नव्हती. राजा पडला होता, एवढेच कारण. घरच्यांनी उरकून दिलेले लग्न, देशाबाहेर पळालेल्या राजपुत्रांच्या फौजेत सामान्य शिपायाची बंदूक, तियोंव्हीलच्या वेढ्यात मांडीला जखम, देवीचा आजार, जर्सी बेटावरून लंडन, तिथली उपासमार, सफकमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या. हे सारे पुढे सविस्तर आहेच. १७९७ चे पहिले पुस्तक श्रद्धाहीन. १७९८ मध्ये तुरुंगवासाने खचलेली आई वारल्याची बातमी आली आणि त्या धक्क्यातून ख्रिस्ती धर्माच्या वैभवावरचा ग्रंथ निघाला. १८०० मध्ये खोट्या स्विस नावाने तो फ्रान्समध्ये शिरला. तिथे आपले चरित्र थांबते.

नंतरच्या काळातल्या तीनच गोष्टी ध्यानात असाव्यात. नेपोलियनने बूर्बों राजघराण्यातल्या आँगियाँच्या ड्यूकला गोळ्या घातल्या तेव्हा, १८०४ मध्ये, नेपोलियनकडून मिळालेली नेमणूक त्याने तडकाफडकी सोडली. बूर्बों राजे परत गादीवर बसले तेव्हा हा त्यांच्या डोळ्यातले कुसळ झाला. मंत्रिपदाचा किताब गेला, ग्रंथसंग्रह विकावा लागला. आणि १८३० मध्ये ते पुन्हा पदच्युत झाले तेव्हा, ज्यांच्याविषयी त्याला काडीचा आदर उरला नव्हता, त्यांच्यासाठी त्याने सरदारकी आणि निवृत्तिवेतन लाथाडले. गादीवरच्या राजाशी त्याचे कधी पटले नाही. न बोलणाऱ्या, थंड गाल पुढे करणाऱ्या माणसाचा मान राखायचा आणि तो गेल्यावर त्याचेच गाणे गायचे, ही सवय त्याला कोंबूरने लावली असे मला वाटते. वाचकाने हवे तर यावर माझ्याशी भांडावे.

जेस्रीलचे सांगायचे राहिले. १७९५ च्या उन्हाळ्यात इंग्रज आरमाराच्या मदतीने निर्वासित राजनिष्ठांची फौज ब्रिटनीच्या कीबरों द्वीपकल्पावर उतरली आणि कोंडली गेली. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, तरी समुद्रावरून इंग्रज जहाजांचा तोफमारा थांबेना. जेस्रील पोहत जहाजापर्यंत गेला आणि शरणागती झाली आहे, गोळे टाकू नका, असे त्याने सांगितले. वरून खलाशांनी दोर सोडला, चढ म्हणाले. मी शब्द देऊन आलेला कैदी आहे, असे सांगून त्याने दोर धरला नाही, आणि तो परत किनाऱ्याकडे पोहू लागला. पुढे त्याला इतरांबरोबर गोळ्या घातल्या गेल्या.